बँडवाल्याची पोरगी

बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. त्यांच्यावर स्मरणिका काढायची आहे, तुम्ही चार वर्षं त्यांच्या घरात राहिलात, तेव्हा तुम्ही लिहा, असा गल्लीतल्या मंडळाचा निरोप आला. निरोपाच्या शेवटी एक ओळ होती : 'कृपया लिखाण प्रेमळ असावे.'

मी प्रेमळ लिहिणार नाही. बाई प्रेमळ नव्हत्या. त्या रागीट होत्या, सकाळी डोळे उघडल्यापासून रागीट होत्या, आणि त्यांचा राग हीच त्यांच्यातली सगळ्यात खरी गोष्ट होती. ज्यांनी त्या जिवंत असताना 'हॉटेलात गायच्या म्हणे' असं कुजबुजत आपल्या पोरींना त्यांच्या फाटकातनं आत जाऊ दिलं नाही, त्यांना आता प्रेमळ लिखाण पाहिजे. मेलेल्या माणसाला प्रेमळ करून टाकलं की आपण जिवंतपणी त्याच्याशी कसे वागलो, हे कुणी विचारत नाही.

मी मूळची माण तालुक्यातली. आमची माणसं मेंढरामागं फिरणारी. वडील फौजेत गेले, निवृत्त होऊन साताऱ्यात राहिले, म्हणून मी शिकले. सांगलीत विश्रामबागेला एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी लागली आणि खोली शोधत मी बाईंच्या फाटकाशी गेले. कडक खळ घातलेली सुती साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, ओठांना लालभडक लिपस्टिक, हातात झाडांना पाणी घालायची नळी. वय सत्तरीच्या पुढं.

"गातेस?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"गुणगुणतेस?"

"न्हाई, बाई."

"बरं झालं. ये आत. बेसूर मी सोसते. कंटाळलेला सूर सोसत नाही."

मला वाटलं, कुणीतरी खडूस पेन्शनर शिक्षिका असणार. एका कॉन्व्हेंट शाळेत काही वर्षं त्यांनी संगीत शिकवलं होतं हे खरं, त्यासाठीच त्या सांगलीत आल्या होत्या. पण पहिल्या रविवारी त्यांच्या पुढच्या खोलीत गेले तर भिंतीवर फोटो. समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात, कलकत्त्यात, कुठल्या कुठल्या परदेशी शहरांत. मागं कोट घातलेले वाजवणारे, पुढं उघड्या खांद्यांचा झगा घातलेली एक सडपातळ बाई, डोळे मिटलेली, तोंड असं उघडलेलं की आता फोटोतनं आवाज बाहेर पडेल.

"ह्या तुमी?"

"नाही, माझी सासू," बाई म्हणाल्या. त्यांनी कधी लग्न केलं नव्हतं.

त्या जॅझ गायच्या. नुसत्या गायच्या नाहीत, नाव होतं त्यांचं. त्यांच्या तबकड्या बाहेरच्या देशात निघाल्या होत्या आणि आजही तिकडून कुणी गोरा पोरगा पत्ता शोधत यायचा, बूट काढून जमिनीवर बसायचा. शेजारचे विचारायचे, मॅडमकडं फॉरेनर कशाला येतात? त्या म्हणायच्या, "उसनी साखर मागायला."

जॅझ म्हणजे काय, हे मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "लग्नाच्या बँडात क्लॅरिनेटवाला असतो ना? सगळे एक चाल वाजवत असतात. तो मधेच ती चाल सोडतो, स्वतःच्या मनाचं काहीतरी बोलून घेतो आणि बरोबर वेळेवर परत येतो. माझे अब्बा हे रस्त्यावर उन्हात करायचे. मी गार हवेच्या खोलीत केलं. एवढाच फरक."

अब्बा, म्हणजे त्यांचे वडील, रहिमतपूरचे. तरुणपणी पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. लढाईच्या काळात कुठल्याशा बंदरात परक्या मुलखातले काळे शिपाई जॅझ वाजवताना त्यांनी ऐकले आणि ते सूर डोक्यात घेऊन घरी आले. मग रहिमतपुरात लग्नाचा बँड काढला. घरी रियाज करताना ही पोरगी समोर बसायची. ते वाजवायचे, ही गळ्यानं तेच परत द्यायची. एवढीच त्यांची शाळा. पुढं शिवणकाम शिकायला म्हणून मुंबईला मावशीकडं पाठवलं, तिथं एका लग्नात एका बँडमास्तरनं आवाज ऐकला, आणि शिवणाचं मशीन राहिलं बाजूला.

हे सगळं त्यांनी एका बैठकीत सांगितलेलं नाही. कधी पोळी लाटताना, कधी वीज गेली म्हणून वीजमंडळाला शिव्या देताना, मधेच एखादं वाक्य यायचं. पुढचं विचारलं की म्हणायच्या, "मुलाखत घेतेस?"

मुलाखतींवर त्यांचा फार राग. एकदा एक वार्ताहर आला होता. म्हणाला, विस्मृतीत गेलेल्या कलावंतांवर लेखमाला करतोय. बाईंनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "कुणाच्या विस्मृतीत?"

"म्हणजे, लोकांच्या."

"मग लोकांची मुलाखत घे. डोकं त्यांचं बिघडलंय. मला सगळं आठवतंय."

तो पाणी अर्धं ठेवून गेला.

गल्लीत भाजीचा टेम्पो यायचा. त्यावर भोंगा, आणि भोंग्यात आधीच भरून ठेवलेला आवाज. कांदे घ्या, बटाटे घ्या, टोमॅटो घ्या, परत कांदे घ्या. बाईंनी एक दिवस मधोमध उभं राहून टेम्पो अडवला.

"तुझा घसा कुठं गेला?"

"आवं मॅडम, दिसभर वरडून बसतो की घसा."

"बसतो, कारण गळ्यातनं ओरडतोस. पोटातनं हाक मार. ऐक."

आणि भर गल्लीत त्यांनी कांद्याची हाक मारून दाखवली. पलीकडच्या गल्लीतनं बायका पिशव्या घेऊन आल्या. तेव्हापासून आमच्याकडं वळताना तो भोंगा बंद करायचा आणि स्वतः ओरडायचा. बाई गच्चीत उभ्या राहून ऐकायच्या आणि आवाज पडला की वरनंच रागवायच्या. तोही ऐकून घ्यायचा. लोक हसायचे. मला हसू यायचं नाही. चाळीस माणसं जिच्यासमोर जमिनीवर बसून शिकली असती, ती बाई कांदेवाल्याला दम कसा घ्यायचा ते शिकवत होती, कारण दुसरं कुणी विचारायला येत नव्हतं.

मला त्यांनी गाणं शिकवलं नाही. पण एक गोष्ट शिकवली. लॅबमध्ये आमचे साहेब होते. एकदा त्यांच्या हातून एका पेशंटच्या नमुन्याची अदलाबदल झाली आणि त्यांनी मला माफीपत्र लिहून द्यायला सांगितलं, माझी चूक म्हणून. मी घरी येऊन पायरीवर बसून रडत होते. बाई आल्या, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "कुरकुरू नकोस. भांड."

"कसं भांडू? साहेब हायत ते."

"काय म्हणणार आहेस त्यांना? म्हणून दाखव."

मी म्हटलं, "सर, मी नाही लिहून देणार."

"छे. हा 'नाही' दारात उभा राहून 'आत येऊ का' विचारतोय. तुझ्या गावाकडं कसं म्हणतात?"

"न्हाई."

"हा. ह्यात हातोडा आहे. ह्या 'न्हा'वर उभी राहा. सगळं वजन तिथं टाक. शेवट वर उचलू नकोस, शेवट उचलला की प्रश्न होतो. परत म्हण."

मी पायरीवर उभी राहून वीस वेळा म्हटलं. शेजारी खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये मी तेवढा एक शब्द म्हटला. त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. नोकरी टिकली. त्या दिवसापासून मी बाईंची भाडेकरू राहिले नाही. काय झालं ते मला सांगता येत नाही, पण त्या मला शिव्या द्यायला लागल्या, आणि त्या फक्त आपल्या माणसांना शिव्या द्यायच्या.

आता खरं सांगायचं ते सांगते. ते सांगायचं म्हणूनच लिहायला बसले.

माझं तिसरं वर्ष चालू होतं. एका सकाळी गाडी थांबली आणि पांढऱ्या कपड्यांतला एक पन्नाशीचा माणूस उतरला. बाईंचा पुतण्या, रहिमतपुरातल्या त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा. गेल्या कित्येक वर्षांत त्या घरातलं कुणी त्यांच्या दारात आलं नव्हतं. हा आला, कारण हा नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहणार होता.

"फुप्पी, गावानं तुमचा सत्कार ठरवलाय," तो म्हणाला. "पप्पांची पण लय इच्छा हाय. आपली माणसं, आपलं गाव. फक्त एक करा, डोक्यावर पदर असू द्या. आन् ते हॉटेलचं वगैरे बोलायला नको. लोक कसे असतात तुमाला म्हाईत हाय."

मला वाटलं, आता हा फाटकाबाहेर उडतो. पण बाईंनी ऐकून घेतलं. तो गेल्यावर फाटक लावून आल्या. मग मला विचारलं, "जाऊ?"

मी म्हटलं, "जावा की बाई. घरचं माणूस बोलावतंय."

हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही. त्यामुळं मी जेव्हा जेव्हा त्या दिवसाबद्दल चिडते, तेव्हा आधी स्वतःवर चिडते.

ठरल्या दिवशी सकाळी गाडी आली. मीही बरोबर गेले. कऱ्हाड मागं टाकून रहिमतपूरच्या रस्त्याला लागलो तशा बाई खिडकीची काच खाली करून बघायला लागल्या. गावात शिरतानाच फ्लेक्स होता. 'रहिमतपूरची शान.' अर्ध्या फ्लेक्सवर पुतण्या हात जोडून. उरलेल्या अर्ध्यात बाईंचा तो भिंतीवरचाच फोटो, त्याच्या मोबाइलनं काढून नेलेला. खांदे झाकायला शाल रंगवली होती, डोक्यावर पदर बसवला होता. हातातला माइक पुसून टाकला होता, पण मूठ तशीच राहिली होती, हवेत, काहीही न धरता.

बाईंनी गाडी थांबवायला लावली. नीट बघितलं.

"मूठ तरी ठेवली," म्हणाल्या. "चला."

मंगल कार्यालयात माणसं गच्च. पाहुणे आले, दिवा लावला, भाषणं झाली. निवेदकानं बाईंची ओळख 'सुगम संगीताच्या ज्येष्ठ उपासक' अशी करून दिली. मी पहिल्या रांगेत होते. मला बाईंचा जबडा हललेला दिसला. पण त्या पुतण्याची अट पाळत होत्या. जन्मात कुणाचं न ऐकणारी ती बाई त्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन शहाण्यासारखी बसली होती, कारण पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात पांढरी टोपी घातलेला, काठीवर हनुवटी टेकलेला एक म्हातारा होता आणि तो त्यांचा भाऊ होता. कितीतरी वर्षांनी त्या दोघांनी एकमेकांना बघितलं होतं.

शाल दिली, नारळ दिला. मग पुतण्यानं वडिलांना आधार देऊन वर नेलं. दोन शब्द बोला म्हणाला.

"माझी भन लय नशीबवान," भाऊ म्हणाला. आवाज कापरा होता, पण खणखणीत. "आमच्या अब्बांचा हिच्यावर लय जीव. शेवटाला अठरा दिस अब्बा हातरुणावर व्हते. सारखं हिचंच नाव. रेडिओ उशाशी आना म्हनायचे. लावा, माझी छोटी गानार हाय म्हनायचे. आमी आपला लावायचो. शेवटच्या दिवशी बी इचारलं, आली का छोटी?"

टाळ्या पडल्या. खरोखर टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईनं डोळे पुसले. म्हाताऱ्याला वाटलं आपण बहिणीचं कौतुक केलं. आजही तो माइक आणि त्या टाळ्या आठवल्या की माझ्या मुठी वळतात.

बाई उठल्या. त्यांना माइक लागत नव्हता.

"अठरा दिवस?" त्यांनी विचारलं.

"व्हय," भाऊ हसत म्हणाला.

"माझा पत्ता होता तुझ्याकडं."

"व्हता की. तुझी पत्रं यायची न्हवं?"

"ती अब्बांना वाचून दाखवलीस?"

भावाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळे पायाकडं गेले.

"एक तरी वाचून दाखवलंस?"

"आता हितं कशाला ते, छोटे..."

पुतण्या मधे घुसला. माइक हातात घेऊन म्हणाला, "फुप्पी भावुक झाल्यात. आता फुप्पींनी दोन ओळी म्हणाव्यात अशी सगळ्यांची विनंती आहे. ट्रॅक लावा रे." आणि कुणीतरी कुठल्याशा भक्तिगीताचा नुसता वाद्यांचा ट्रॅक लावलासुद्धा.

बाईंनी खांद्यावरची शाल काढली, भावाच्या खांद्यावर टाकली, आणि पायऱ्या उतरून सरळ चालत बाहेर आल्या. ट्रॅक मागं वाजतच होता.

परतीच्या वाटेवर कऱ्हाड मागं पडल्यावर त्या बोलायला लागल्या. माझ्याकडं बघत नव्हत्या. मुंबईत पहिलं वर्ष होतं, वर्तमानपत्रात त्यांचा झग्यातला फोटो आला होता, आणि हा भाऊ हॉटेलच्या मागच्या दारात, जिथनं भाज्यांच्या टोपल्या आत यायच्या तिथं, येऊन उभा राहिला होता. म्हणाला, अब्बांनी सांगितलंय, या घरात परत पाऊल टाकायचं नाही. एवढं सांगून गेला. बाई पत्रं लिहीत राहिल्या. उत्तर कधी आलं नाही. मग एक दिवस कार्ड आलं, अब्बांना जाऊन महिना झाला म्हणून.

"मी एक गाणं लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत. दार लावून घेतलेल्या माणसावर. लोकांना वाटायचं प्रियकरावर आहे. माझ्या बापावर होतं. त्या गाण्यानं मला जग दाखवलं. जिथं गेले तिथं तेच मागायचे. लोक म्हणायचे, असा राग आम्ही गाण्यात ऐकला नाही. आणि मी प्रत्येक वेळी, प्रत्येक शहरात, डोळे मिटून बापाला समोर उभा करायची आणि त्याच्यावर ओरडायची."

गाडी उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडली होती.

"तो रेडिओ उशाशी घेऊन बसला होता गं," बाई म्हणाल्या. "आणि मी लोकांना सांगत होते की ह्यानं दार लावलं."

त्या रडल्या नाहीत. माझी फार इच्छा होती की त्यांनी रडावं. त्यांनी ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला सांगितलं आणि तो नीट वाजवत नाही म्हणून त्याच्यावर ओरडल्या.

पुढचे काही दिवस घरात भयंकर गेले. भिंतीवरचे फोटो सगळे उतरवले. कांदेवाला ओरडला तरी गच्चीत गेल्या नाहीत. मी केलेलं जेवण झाकून ठेवलेलं तसंच असायचं. मी एकदा धीर करून म्हटलं, "बाई, आता झालं गेलं. भाऊ म्हातारा हाय. माफ करून टाका." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी ती खोली सोडून गेले. आता मला कळतं. माफ करून टाका, हे आपण दुसऱ्याला त्याच्या सुखासाठी सांगत नाही. आपल्याला त्याचा राग बघवत नाही, म्हणून सांगतो.

मग एका सकाळी मी कामाला निघाले होते आणि पुढच्या खोलीतनं आवाज आला. एकच स्वर, खालचा, लांब. तो तुटला. पुन्हा लागला. बाईंनी बारा-पंधरा वर्षांत रियाज केला नव्हता. त्या दिवसापासून रोज सुरू झाला. पहिले आठवडे ऐकवत नव्हतं, गंजलेला नळ सोडल्यासारखं. खोकला, शिव्या, पुन्हा तोच स्वर. माणूस अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी इतका हट्ट का करतो हे मला कळत नव्हतं. दोन महिन्यांनी त्यांनी मला सांगितलं, "त्या पुतण्याला फोन कर. म्हणावं, बापाला घेऊन ये. मी गाणार आहे."

ते आले. उन्हाळ्यातली दुपार होती, बाहेर रस्ता तापला होता. पुतण्या खूश. त्याला वाटलं समेट झाला. आल्याबरोबर मोबाइल काढून व्हिडिओची जागा शोधायला लागला. बाईंनी त्याला सांगितलं, "तू गाडीत बस." तो हसला. त्या पुन्हा म्हणाल्या, आणि तो गाडीत जाऊन बसला.

खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर. एकीवर भाऊ, काठी गुडघ्यांत धरून. मी स्वयंपाकघराच्या चौकटीत. बाईंनी लिपस्टिक लावली होती. पदर खांद्यावर होता. त्यांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि गायला सुरुवात केली.

मला गाण्यातलं काही कळत नाही. एवढंच सांगते की आवाज म्हातारा होता आणि कुठंही थकलेला नव्हता. सुरुवातीला त्या जवळजवळ बोलत होत्या. मग चाल सोडून कुठंतरी निघून गेल्या, शब्दच नाहीत, नुसता आवाज, वर, आणखी वर. मला वाटलं आता हा तुटणार. तो तुटला नाही, वळला आणि बरोबर जागेवर येऊन उतरला. डोळे त्यांनी मिटले नव्हते. सगळा वेळ त्या भावाकडं बघत होत्या. त्यानं एकदा मान खाली घातली, तर त्या थांबल्या, आणि तो वर बघेपर्यंत पुढची ओळ घेतली नाही.

गाणं संपलं. म्हातारा घसा साफ करून म्हणाला, "मला इंग्रजी येत न्हाई, छोटे. म्हंजी काय ह्ये?"

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. आणि मग त्या ज्या भाषेत बोलल्या, ती मी चार वर्षांत त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"दार का लावलंस, म्हनलंय. म्या काय चोरी क्येली व्हती? दिस मावळला न्हवता, दिवा लागला न्हवता, तरी दार लावलंस. म्या हाक मारली. तुज्याच सुरात मारली, तूच शिकवल्याला सूर. तरी तुला वळखू आली न्हाई. आतनं कडी वाजली. म्या किती वरसं उबी हाय हितं, तुला ठावं हाय का?"

भावानं काठी बाजूला ठेवली.

"दार म्या लावलं व्हतं," तो म्हणाला.

"व्हय."

"अब्बांना ठावं बी न्हवतं. म्या बोललोच न्हाई त्यांना. तुझी पत्रं चुलीत गेली. बँडाच्या सुपाऱ्या गेल्या असत्या, छोटे. गावात लय बोलायला लागले व्हते. घरात आनखी दोघी भनी लग्नाच्या. मी काय करनार व्हतो?"

"अठरा दिस काय करत व्हतास?"

तो रडायला लागला, म्हातारी माणसं रडतात तसा, आवाज न करता, नाक गळत. मी पाणी आणायला वळले तर बाईंनी हातानंच मला थांबवलं. त्याचं रडून होईपर्यंत त्या बसून राहिल्या. मग स्वतः उठून पाणी आणलं आणि त्याच्या हातात तांब्या दिला.

पाणी पिऊन त्यानं विचारलं, "माफ केलंस का?"

"न्हाई."

"करशील?"

"न्हाई. गानं तुजं व्हतं. येवढी वरसं दुसऱ्याच्या नावावर गात व्हते. आज तुला दिलं. आता जा."

तो उठला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, टोपी नीट केली आणि काठी टेकत निघाला. बाहेर पुतण्यानं गाडी सुरू केली. बाई खुर्चीतनं हलल्या नाहीत. भाऊ उंबऱ्याशी थांबला, एकदा मागं वळून बघितलं. बाहेर पडला आणि पायऱ्या उतरायला पाय पुढं टाकला.

"बघत काय उबी ऱ्हायलीस?" बाई माझ्यावर ओरडल्या. "हात दे त्याला! तिसरी पायरी मोडकी हाय. पडला तर हितंच ऱ्हाईल मेला!"